बाबांचा राहिलेला नवस

माझ्या बाबांनी मारुतीला रोडगे बोलले होते आणि ते माझ्यामुळे राहिले. हे आधीच लिहून टाकते. पुढचं सगळं त्यातूनच आलं, आणि हे मागे ठेवलं तर बाकीचं मला नीट सांगता येणार नाही.

मी पांढुर्ण्याच्या कॉलेजात शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे सगळं हिंदीत चालतं. मराठी माझी घरातली, तीही सौंसरकडची, 'जाऊन राहिलो', 'करून राहिलो' अशी. त्यामुळे कागदावर मराठी लिहिताना हात जरा अडखळतो. चूक झाली तर सांभाळून घ्यावं.

रोडगे ज्यांनी खाल्ले नसतील त्यांना सांगायला हवं. गहू जाडसर दळायचा, कणीक घट्ट मळायची, तेल लावून पदर घालायचे आणि मुठीएवढे गोळे करायचे. हे गोळे चुलीवर भाजत नाहीत. गोवऱ्या रचून जगरा पेटवायचा, त्याचे निखारे झाले की गोळे त्यात पुरायचे. बाहेर निघतात तेव्हा राखेने माखलेले असतात. मग पोत्यात घालून घोळायचे, हाताने दाबून फोडायचे, वर तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. आमच्या गावात नवस फेडायचा म्हणजे बहुतेक वेळा रोडगेच. देवळासमोर जगरा पेटतो आणि घराघरातून माणसं ताट घेऊन येतात. जगरा लावायला गावात सगळे माझ्या बाबांना बोलवायचे. ते त्यांचं खास काम होतं.

मला कॉलेजात प्रवेश मिळाला तर रोडगे करीन, असं त्यांनी मारुतीला सांगितलं होतं. प्रवेश मिळाला. पहिल्याच शनिवारी करू म्हणाले, तर मी म्हटलं टेस्ट आहे. पुढे शिबिर निघालं. त्यानंतर मी म्हटलं, पहिल्या वर्षी पास तरी होऊ द्या, नापास झाले तर सगळ्या गावाला जेवू घालून हसू होईल. ते "बरं" म्हणायचे. पास झाले तरी मी काही ना काही काढत राहिले.

खरं कारण वेगळं होतं. बाबांना माझ्या होस्टेलच्या मैत्रिणींना बोलवायचं होतं. आमच्या मॅडमनाही बोलाव म्हणायचे. मला ते चित्र डोळ्यापुढे आणवेना. मॅडम जमिनीवर बसल्या आहेत, पत्रावळीवर राखेचे कण आहेत, आणि बाबा बनियनवर, तोंडाला काजळी लागलेली, त्यांना आग्रह करत आहेत. मी स्वतःला सांगायचे की मला रोडग्यांची लाज वाटते. बाबांचीच वाटत होती बहुतेक.

श्रावणात एका दुपारी ते शेताच्या बांधावर बसले आणि छातीत दुखतं म्हणाले. नागपूरला नेताना वाटेतच गेले. मी प्रॅक्टिकलला होते, फोन बॅगेत होता.

तेरवीला पंगत बसली होती. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, सावरगावची. जांब नदीच्या पलीकडचं तिचं घर माझ्या कॉलेजपासून चालत जाण्याएवढं जवळ आहे, आणि शिकत असताना कितीतरी रविवारी मी तिच्याकडे जेवले आहे. तिने वाढणं थांबवलं आणि कोणाचं नाव न घेता म्हणाली, "देवाचं बोललेलं तसंच ठेवलं व तुम्ही. मंग देव असंच करते."

ती माझ्याकडे बघत नव्हती, पण बाकीच्या सगळ्या बघायला लागल्या. आईच्या हातातला वरणाचा डाव थोडा वेळ तसाच राहिला. मग तिने पुढच्या पानावर वाढलं.

ते वाक्य माझ्याबरोबर होस्टेलला आलं. डॉक्टरांनी रक्तवाहिनीचं कारण सांगितलं होतं, ते मला समजलंही होतं. मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. पण डॉक्टरांचं बोलणं एका बाजूला राहायचं आणि आत्याचं दुसऱ्या बाजूला, आणि सकाळी उठल्यावर आधी आत्याचंच ऐकू यायचं. मी देवापुढे हात जोडणं सोडलं. राग आला होता म्हणून नाही. हात जोडले तर तो मलाच काही विचारेल, अशी भीती वाटायची. कॉलेजच्या रस्त्यावर एक मारुतीचं देऊळ आहे. त्याच्या समोरून जाऊ नये म्हणून मी लांबच्या गल्लीने जायचे.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले ती परत गेलेच नाही. आईला एकटं कसं सोडू, असं सगळ्यांना सांगत राहिले. लोकांना ते पटायचं, कौतुकही करायचे. परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ जवळ आली. तो भरला नसता तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेल्यावर मी पुन्हा गेले असते असं मला आज तरी वाटत नाही.

माघात एकदा आई कापूस निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तू मले सांभाळून नाही राहिली. तू लपून राहिली."

मी तिच्यापुढची टोपली ओढली आणि कापूस निवडायला लागले.

"देवाचं करून टाकू," ती म्हणाली. "मंग जाजो कॉलेजात."

वर्ष पुरं झाल्याशिवाय असलं काही करू नये, असं भावकीतल्या दोघातिघांनी सांगून पाहिलं. आईने त्यांना विचारलं की मी काय लग्न लावून राहिली का.

अडचण वेगळीच निघाली. बाबांनी किती बोललं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. आईला सव्वा पायली आठवत होती, पण शपथेवर सांगता येत नव्हतं. पायली हे धान्य मोजायचं जुनं माप, एका पायलीच्या कणकेत वीसेक माणसं जेवतात. आत्याने फोनवर ठामपणे सांगितलं की तिच्या भावाचा हात मोठा होता, पाच पायल्यांच्या खाली तो बोललाच नसेल. लोधीखेड्याचा माझा मामा दहा म्हणाला. तुला कसं माहीत, असं विचारल्यावर म्हणाला की माहीत काहीच नाही, पण देवापुढे कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं. शेवटी आईने पाच पायल्या धरल्या आणि चुकून सहा असल्या तर, म्हणून एक वर घातली. सुतकाचं वर्ष म्हणून बोलावलेली माणसं मात्र चाळीसच्या आत. हा हिशोब कुठेच बसत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आलं नाही. आम्ही सगळे घाबरलेले होतो. निदान मी तरी होतेच.

या वेळी मी माझ्या होस्टेलच्या मैत्रिणीला बोलावलं. फोन हातात घेऊन बराच वेळ बसले होते, मग लावला.

शनिवारी सकाळी आत्या पहिल्याच बसने आली. हातात तुपाचा डबा होता, तोंड मिटलेलं. मला म्हणाली, "बारीक झाली," आणि कणीक मळायला बसली. जगरा मामाने लावायला घेतला. त्याने जन्मात कधी लावला नव्हता. बाबा असताना कोणाला शिकायची गरजच पडली नव्हती. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गोवऱ्या दवाने ओलसर झाल्या होत्या. सगळं देऊळ धुराने भरलं, झाडावरचे पक्षीसुद्धा उडून गेले.

"हा जगरा हाय का मच्छर मारून राहिले?" आत्याने विचारलं.

मामा डोळे पुसत म्हणाला, "बाई, तुम्ही इकडे येऊन दोन शब्द बोला. लगेच पेटते."

मळणाऱ्या बायका खाली मान घालून हसल्या. आत्याने त्याच्याकडे रोखून पाहिलं, पण तिचाही ओठ जरा हलला. मी पाहिलं.

पहिली खेप मामाने घाईत घातली. वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. तो दुसरी घालायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं. बाबा निखाऱ्यांवर तळहात धरायचे आणि दहा म्हणेपर्यंत धरता आला तरच गोळे घालायचे, एवढं मला आठवत होतं. मी हात धरला. चारलाच ओढून घेतला. थोड्या वेळाने सहा झाले. मामा शेजारी उकिडवा बसून माझ्याबरोबर मोजत होता, जणू माझी तोंडी परीक्षाच चालली होती. दहा झाल्यावर आम्ही गोळे घातले आणि वरून गरम राख ओढली. ती खेप चांगली निघाली. तेव्हापासून जगरा माझ्याकडे आला. मी ओढणी कमरेला बांधली.

माझी मैत्रीण आली तेव्हा मी तशीच होते, कोपरापर्यंत राख आणि नाकावर काजळी. ती बैतूलकडची, तिच्या घरचे मूळचे माळव्यातले. तिने पोत्यातून निघणारे रोडगे पाहिले आणि म्हणाली, "अरे, ये तो बाटी है. मुझे लगा पता नहीं क्या खिलाओगी." मग चपला काढून आईजवळ गोळे करायला बसली. तिचे गोळे आईच्या गोळ्यांपेक्षा गोल होत होते. दोन वर्षं मी जे लपवत आले होते, ते तिच्या घरी दर रविवारी होत होतं.

मारुतीची पूजा एक म्हातारे गृहस्थ करतात. पूर्वी शाळेत शिपाई होते, आता सगळे त्यांना महाराज म्हणतात. ते सकाळपासून ओट्यावर लसूण सोलत बसले होते. परातींत कणकेचे ढीग वाढत होते आणि ते बघत होते. जगऱ्यातून तिसरी खेप निघाल्यावर त्यांनी आईला विचारलं, "एवढी कणीक कायले मळून राहिल्या?"

आई म्हणाली, नवसाची आहे.

"नवस तं पाचाचा होता."

"पाचच पायल्या घेतल्या महाराज," आत्या म्हणाली. "वर एक जास्ती."

"पायल्या नाही. पाच रोडगे. माह्यासमोर बोलला थो. म्हणे, देवा, पाच तुले, बाकी जमन तसं."

सगळ्यांचे हात थांबले. परातीतली कणीक, टोपल्यांतले गोळे, पोत्यावर रचलेले भाजलेले रोडगे, सगळं एकदम फार मोठं दिसायला लागलं.

"मंग सकाळपासून सांगितलं कावून नाही?" आत्याने विचारलं.

"मले कोणी विचारलं?"

आधी मामा हसला. रिकाम्या पोत्यावर बसला आणि हसतच राहिला. मग आई हसायला लागली. हात कणकेचे असल्याने तिला तोंडावर पदरही घेता येईना, ती कोपराने डोळे पुसत हसत होती. श्रावणानंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हसून झाल्यावर ती थोडी रडली आणि पुन्हा हसली. माझ्या मैत्रिणीला काहीच कळलं नव्हतं, तीसुद्धा हसत होती.

मी मात्र जगऱ्यापाशी उभी होते. एक गोष्ट कोणालाही विचारायचं धाडस मला एवढे महिने झालं नव्हतं. दुसऱ्या कोणी तरी विचारलं असतं तर बरं, असं वाटायचं. मी महाराजांजवळ गेले आणि विचारलं, नवस राहिला म्हणून बाबांना वाईट वाटायचं का.

त्यांनी लसणाची पाकळी खाली ठेवली. बाबा दर शनिवारी यायचे, म्हणाले. नारळ असो नसो, येऊन दारात उभे राहायचे आणि मारुतीला मोठ्याने सांगायचे की या शनिवारीही जमत नाही, पोरीची टेस्ट आहे. पोरीचं शिबिर आहे. पोरीचा निकाल आहे. पारावर बसलेल्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"रागानं सांगत होते का?"

"कायचा राग व? लय खुशीत राहे थो. या गावात दुसऱ्या कोणाच्या पोट्टीले शिबिर होतं?" मग ते पाकळी सोलत म्हणाले, "मारुतीले घाई नव्हती. तुह्या बाबालेबी नव्हती. तूच कायले भेऊन राहिली थे मले नाही माहीत."

मला वाटत होतं, माझं प्रत्येक 'नंतर' घेऊन बाबा खाली मान घालून घरी गेले असतील. आणि ते तेच 'नंतर' घेऊन देवळात येत होते आणि लोकांना ऐकवत होते. मी केलेलं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. मला लाज वाटली होती हे खरंच आहे, ते पुसलं जात नाही. पण त्या लाजेपायी देवाने माझ्या बाबांना नेलं, ही गोष्ट माझ्या मनातून तिथेच, त्या ओट्यापाशी, सुटली. ज्याला पाच रोडगे पुरणार होते त्याच्यासाठी आम्ही सहा पायल्यांची भीती मळून ठेवली होती.

चांगले भाजलेले पाच रोडगे मी निवडले. आईने त्यावर तूप घातलं आणि महाराजांनी नैवेद्य दाखवला. नवस फिटला. त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मग उरलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. मामा डाव हातात घेऊन रस्त्यावर गेला. संत्र्याची तोड चालू होती, बागांमधले मजूर दुपारचे डबे उघडायला बसलेच होते, त्यांना त्याने उठवून आणलं. एक ट्रक भरून निघाला होता, त्याच्यावरचे हमाल आले. शाळा सुटली तशी पोरं आली, मागून गुरुजी आले. वांग्याची भाजी कमी पडायला लागली तेव्हा कोणीतरी शेतातून टोपलीभर वांगी आणली आणि आत्याने दुसरी फोडणी घातली. एवढ्यात सौंसरकडून येणारी बस दिसली. मामा सरळ रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. कंडक्टर आधी चिडला, मग त्याला तुपाचा वास आला आणि म्हणाला की फक्त दहा मिनिटं. बस अर्धा तास उभी होती. प्रवासी उभ्या उभ्या खात होते, ड्रायव्हरने दोन घरी नेण्यासाठी कागदात बांधून घेतले.

बसमधल्या एका म्हातारीने मामाला विचारलं, बाप्पा, कशाचा कार्यक्रम आहे.

"आमची भाची कॉलेजात गेली," मामाने तिला सांगितलं. तेही ओरडून, सगळ्या बसला ऐकू जाईल असं.

"कधी गेली?"

"झाले की दोन वर्षं."

म्हातारीने माझ्याकडे, माझ्या राखेच्या हातांकडे पाहिलं आणि रोडग्याचा तुकडा तोंडात ठेवत म्हणाली, चांगलं झालं माय. मला लाज वाटली, पण पळून जावंसं वाटलं नाही.

लोक पांगल्यावर आत्या जगऱ्यापाशी माझ्याजवळ येऊन बसली. राख अजून गरम होती. आत्या काडीने ती उकरत राहिली.

"माह्या भावाले कायनं नेलं थे मले अजूनबी समजून नाही राहिलं," ती म्हणाली. "कोणावर तरी टाका लागत होतं व. तू समोर होती."

मी म्हटलं, "मीबी माह्यावरच टाकलं होतं, आत्या."

तिने राखेतून चुकून राहिलेला एक रोडगा काढला, पदराने पुसला, फोडला. तूप संपलं होतं. डब्याच्या तळाला बोट फिरवून निघालं तेवढं तिने त्याला लावलं आणि अर्धा माझ्या हातात दिला. सकाळपासून मी काही खाल्लं नाही, हे एवढ्या गर्दीत फक्त तिच्याच लक्षात आलं होतं. अर्धा तिने खाल्ला. त्यानंतर आम्ही दोघी रडलो, पण फार नाही. समोर गुरुजी हात धूत होते.

जायच्या आधी मी देवळाच्या दारात गेले. आत शेंदूर, पाच रोडग्यांचं ताट आणि थोडा धूर. हात जोडले. तो काही विचारेल म्हणून मी इतके दिवस घाबरले होते, पण तिथे मलाच त्याला कितीतरी सांगायचं होतं. बाबा गेले ते मला पटलेलं नाही, हे सांगितलं. का नेलं ते मला कळत नाही आणि तू सांगशील असंही वाटत नाही, हेही सांगितलं. मंगळवारी फॉर्म भरायला पांढुर्ण्याला जाते आहे, तू इथे आहेस असं धरून जाते आहे, म्हटलं. आणखी बरंच होतं. मैत्रिणीच्या गोल गोळ्यांचं होतं, आई कशी हसली ते होतं.

मागून मामाने हाक मारली, देवाशी बोलणं झालं असेल तर भाजीचा रिकामा गंज उचलायला ये.

झालं नव्हतं. मी त्याला थोडं थांबायला सांगितलं.